डोनाल्डसनव्हिल : साखरेचे गाव आणि चर्चची वही

अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज या दोन शहरांच्या दरम्यान, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर डोनाल्डसनव्हिल नावाचे एक छोटेखानी गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती सात हजारांच्याही आत भरली. एके काळी मात्र हे गाव साखरेच्या वैभवाच्या ऐन मध्यावर वसलेले होते. नदीच्या दोन्ही तीरांवर मैलोन्मैल उसाचे मळे, मळ्यांच्या तोंडाशी पांढऱ्याशुभ्र खांबांचे वाडे आणि वाड्यांच्या पाठीमागे गुलामांच्या झोपड्यांच्या रांगा, असे त्या काळचे चित्र होते. झोपड्या बहुतेक गेल्या. वाडे काही राहिले. न्यू ऑर्लिन्सला जाणारा प्रवासी आज 'रिव्हर रोड'ने ते वाडे पाहत फिरतो, ओक वृक्षांच्या कमानीखाली छायाचित्रे काढून घेतो आणि संध्याकाळी शहरात परततो. डोनाल्डसनव्हिलमध्ये थांबणारे त्यातले थोडेच.

या प्रदेशाची एक गंमत ख्रिस्ती वाचकाला मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत इतरत्र जिल्ह्याला 'काउंटी' म्हणतात. लुइझियानात मात्र त्याला 'पॅरिश', म्हणजे धर्मग्राम म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत चर्चची हद्द हीच कारभाराची हद्द ठरत गेली आणि तो शब्द सरकारी दप्तरात कायमचा रुजला. आज राज्यात असे ६४ 'पॅरिश' आहेत. डोनाल्डसनव्हिल ज्याचे मुख्य ठाणे आहे त्या जिल्ह्याचे नाव असेन्शन, अर्थात स्वर्गारोहण. प्रभूच्या स्वर्गारोहणाला वाहिलेल्या येथील चर्चवरूनच ते आले. तेव्हा या गावाचा इतिहास सांगायचा तर चर्चपासून सुरुवात करणे क्रमप्राप्त आहे. आणि पुढे दिसेल की त्याची सर्वांत वेदनामय पानेही चर्चच्याच दप्तरात जपलेली आहेत.

मिसिसिपीपासून एक संथ फाटा येथे फुटून दक्षिणेला समुद्राकडे जातो. त्याचे नाव बायू लाफुर्श. या फाट्याच्या काठाने मूळची वस्ती चिटिमाचा या आदिवासी जमातीची. त्यानंतर १७६० च्या दशकात आले ते अकेडियन. हे मूळचे फ्रेंच भाषक कॅथलिक शेतकरी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती होती. इंग्रजांच्या राजाशी बिनशर्त इमान राखण्याची शपथ त्यांनी घेतली नाही म्हणून १७५५ पासून त्यांना घरादारातून हुसकावून जहाजांत कोंबण्यात आले, कुटुंबांची ताटातूट झाली, कित्येक वाटेतच मेले. वाचलेल्यांपैकी काहींना तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुइझियानात आसरा मिळाला. त्यांच्यासाठी १७७२ साली येथे असेन्शन चर्चची स्थापना झाली. धर्मासाठी आणि मातीसाठी इतके सोसलेली ही माणसे. परंतु दोन-तीन पिढ्यांतच त्यांच्यातील सधन घराणी उसाच्या मळ्यांची आणि गुलामांची मालक झाली. आपण भोगलेले दुःख माणसाला दुसऱ्याच्या दुःखाची ओळख पटवून देतेच असे नाही.

गाव म्हणून आखणी झाली ती १८०६ मध्ये. विल्यम डोनाल्डसन या धनिकाने जमीन खरेदी केली आणि बार्थेलेमी लाफोन या फ्रेंच वास्तुविशारदाकडून रस्ते व चौक आखून घेतले. १८३० साली तर राज्याचे विधिमंडळच येथे भरले आणि डोनाल्डसनव्हिल राजधानी झाले. पण न्यू ऑर्लिन्सच्या मेजवान्या आणि नाटकशाळा यांना सोकावलेल्या आमदारांना हे खेडे काही मानवेना. पुढच्याच वर्षी त्यांनी बाडबिस्तरा गुंडाळला.

या भागाचे भाग्य ठरवले ते उसाने. लुइझियानात ऊस पूर्वीही होत असे, पण त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याचे काम एतिएन द बोरे याने न्यू ऑर्लिन्सजवळच्या आपल्या मळ्यात १७९५ साली प्रथम फायदेशीर करून दाखवले आणि नदीकाठचे मळेवाले उसाच्या मागे लागले. आपल्याकडे ऊस हे उष्ण प्रदेशाचे पीक. लुइझियानात मात्र हिवाळ्यात हिमकण पडतात आणि उभा ऊस मरतो. त्यामुळे ऑक्टोबरपासून सुमारे तीन महिन्यांत सारी तोडणी आणि सारे गाळप उरकावे लागे. तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. साहजिकच गळीत हंगामात चरक रात्रंदिवस फिरे आणि माणसेही रात्रंदिवस राबत. आपल्या गुऱ्हाळात एक काहील असते. तेथे एकाच लांब चुलवाणावर चार-पाच काहिली उतरत्या आकाराने मांडलेल्या असत. रस आटत जाई तसा मोठ्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायचा. वाफ, उकळता पाक, झोपेने जड झालेले डोळे आणि शेजारी फिरणारे लोखंडी रूळ! हात गमावणे, भाजणे ही नित्याची गोष्ट होती. कापसाच्या मुलखात गुलामांची संख्या जन्मामुळे वाढत होती. साखरेच्या मुलखात जन्मापेक्षा मृत्यू अधिक होत. ही तूट भरून काढण्यासाठी मळेवाल्यांना सतत नवी माणसे विकत घ्यावी लागत. मेरीलँड, व्हर्जिनिया या जुन्या राज्यांतील गुलामांना 'खाली नदीकडे विकीन' ही धमकी पुरेशी असे.

या काहिलींना पर्याय शोधणारा माणूस लुइझियानाचाच होता, हे येथे नमूद केले पाहिजे. नॉर्बर्ट रिलियू याचा जन्म १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. वडील गोरे, आई मिश्रवंशीय स्वतंत्र स्त्री. पॅरिसमध्ये त्याचे शिक्षण झाले. एका भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्यातील रस उकळण्यासाठी वापरायची आणि त्याची वाफ तिसऱ्यासाठी, ही त्याची युक्ती. १८४३ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंधन वाचले, साखर पांढरी झाली, उकळत्या रसाची पळ्यांनी होणारी ओतणी थांबली. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंत आपल्या सहकारी कारखान्यांत रस आटवण्याचे जे संच आहेत, ते याच तत्त्वावर चालतात. मात्र ज्या मळेवाल्यांनी त्याच्या यंत्राने पैसा केला, त्यांच्या समाजात रिलियूला बरोबरीचे स्थान नव्हते. अखेरीस तो फ्रान्सला परतला आणि १८९४ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

आता वळू या १८३८ सालाकडे. मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंच्या मालकीची मोठी शेती होती आणि ती गुलाम कसत असत. हे वाक्य आज लिहिताना हात अडखळतो, पण ते खरे आहे. त्या शेतीचे उत्पन्न घटले होते आणि संघाचे जॉर्जटाऊन महाविद्यालय कर्जात बुडाले होते. तेव्हाचे प्रांताधिकारी फादर थॉमस मलेडी यांनी १९ जून १८३८ रोजी २७२ माणसे विकण्याचा करार केला. किंमत १,१५,००० डॉलर. घेणारे दोघे : जेसी बेटी हा मळेवाला आणि लुइझियानाचा माजी राज्यपाल हेन्री जॉन्सन. करारातील यादीत नावे आहेत, वये आहेत; अंगावर पिणारी मुले आहेत आणि साठी उलटलेले म्हातारेही आहेत. रोममधील संघप्रमुखांनी विक्रीला संमती देताना अटी घातल्या होत्या : कुटुंबे फोडू नयेत, या लोकांना धर्माचरणाची मुभा व सोय मिळावी, आणि पैसा कर्ज फेडण्यासाठी वापरू नये. यांपैकी एकही अट पाळली गेली नाही. पहिल्याच हप्त्यातील मोठा भाग महाविद्यालयाच्या कर्जात गेला. फादर मलेडींना पदावरून जावे लागले, पण माणसे परत आली नाहीत. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, सोळावे पोप ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र प्रसृत केले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्हे, तर विक्रीच्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे १८३८ मध्ये, 'कॅथरीन जॅक्सन' नावाचे जहाज शंभरावर माणसे घेऊन अलेक्झांड्रियाहून निघाले आणि ६ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सला लागले. काहींची रवानगी मॅरिंगविन या गावाच्या परिसरातील मळ्यावर झाली. हेन्री जॉन्सनच्या वाट्याला आलेले लोक असेन्शन परगण्यात, डोनाल्डसनव्हिलच्या बाजूच्या त्याच्या मळ्यावर आले. ही माणसे कॅथलिक होती. कित्येक पिढ्यांपासून त्यांचा स्नानसंस्कार, लग्न, अंत्यविधी चर्चमध्येच होत आले होते. ज्यांनी त्यांना प्रार्थना शिकवली त्यांनीच त्यांना विकले. पुढे जॉन्सनचे हप्ते थकले, माणसे गहाण पडली, पुन्हा विकली गेली. १८४८ साली फादर जेम्स व्हॅन डी व्हेल्डे या येशूसंघीय धर्मगुरूंनी लुइझियानातील या लोकांची स्थिती पाहून मेरीलँडला पत्र लिहिले. जवळपास चर्च नाही, मुले धर्मशिक्षणावाचून वाढत आहेत, तेव्हा चर्च बांधण्यासाठी हातभार लावा, अशी त्यांची विनंती होती.

आणि तरीही या लोकांनी श्रद्धा सोडली नाही. मुले झाली की, जेव्हा जमेल तेव्हा, ती स्नानसंस्काराला आणली गेली. येथे त्या वहीचा संबंध येतो.

अमेरिकन सरकारने १८५० आणि १८६० साली गुलामांची गणना केली. त्या तक्त्यांत मालकाचे नाव आहे. गुलामाचे नाव नाही. वय, लिंग, रंग, एवढेच. १८७० च्या शिरगणतीत पहिल्यांदा या साऱ्या माणसांची नावे सरकारी कागदावर उतरली. म्हणून कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस आपल्या घराण्याचा माग काढू लागला की १८७० पाशी जणू भिंतीवर आदळतो. त्या भिंतीपलीकडचे थोडेफार दिसते ते मालकांच्या खरेदीखतांत, गहाणखतांत आणि मृत्युपत्रांत. तेथे माणूस बैल-घोड्यांच्या शेजारी नोंदलेला असतो. लुइझियानात आणखी एक खिडकी आहे. फ्रेंच अमदानीतील १७२४ च्या कायद्याने गुलामांचा स्नानसंस्कार करणे मालकांना बंधनकारक केले होते. तो कायदा गेला तरी प्रथा राहिली. धर्मगुरू गोऱ्यांसाठी एक वही ठेवत आणि काळ्यांसाठी दुसरी. या दुसऱ्या वहीत बाळाचे नाव, आईचे नाव, मालकाचे नाव आणि धर्ममातापित्यांची नावे लिहिली जात. बापाचा रकाना बहुधा कोराच. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, मग बाप लिहायचा कोणता?

आपल्यापैकी अनेकांनी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन ती जाड पुठ्ठ्याची वही उघडून घेतलेली असेल. आजोबांचे नाव, पणजीचे माहेर, धर्मपिता कोण होता, हे सारे एका ओळीत सापडते आणि आपल्याला त्याचे विशेष वाटत नाही. डोनाल्डसनव्हिलच्या वहीतील तशीच एक ओळ कुणाच्या तरी दृष्टीने सारा वंश असते. धर्ममाता म्हणून जिचे नाव आहे ती कित्येकदा मेरीलँडहून त्याच जहाजातून आलेली स्त्री निघते; विकली गेलेली, विखुरलेली माणसे एकमेकांच्या लेकरांना हात लावून नाते टिकवत होती, याचा हा लेखी पुरावा होय.

बॅटन रूज धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात या भागातील चर्चच्या जुन्या वह्या जतन केलेल्या आहेत. २०१५-१६ च्या सुमारास जॉर्जटाऊन विद्यापीठाने आपल्या या भूतकाळाचा शोध सुरू केला, वृत्तपत्रांनी प्रकरण उचलून धरले आणि वंशावळीच्या अभ्यासकांनी जहाजाची यादी, खरेदीखते आणि चर्चच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या. हजारो हयात वंशजांचा माग लागला. त्यांतील कित्येक आजही त्याच परगण्यांत राहतात आणि रविवारी मिस्साला जातात. १८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाऊनमध्ये प्रायश्चित्ताची उपासना झाली. येशूसंघाच्या वतीने फादर टिमोथी केसिकी यांनी वंशजांसमोर क्षमा मागितली. मलेडींचे नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या यादीतील पहिले नाव त्यांचे आहे. २०२१ मध्ये येशूसंघाने वंशजांसह स्थापन केलेल्या प्रतिष्ठानासाठी दहा कोटी डॉलर उभारण्याचे जाहीर केले. हे पुरेसे आहे काय, याविषयी वंशजांत एकमत नाही, आणि ते असावे अशी अपेक्षाही कुणी करू नये. विकल्या गेलेल्यांपैकी फ्रँक कॅम्पबेल या एका माणसाची म्हातारपणीची छायाचित्रे थिबोडॉ येथील निकोल्स स्टेट विद्यापीठाच्या संग्रहात सापडली. यादीतील एका नावाला चेहरा मिळाला.

गावाच्या इतिहासातील पुढचे टप्पे भराभर सांगता येतील. यादवी युद्धात, ऑगस्ट १८६२ मध्ये, उत्तरेच्या आरमाराने गावावर तोफा डागून बराच भाग जाळला. नंतर उत्तरेच्या सैन्याने नदी आणि बायूच्या संगमावर फोर्ट बटलर हा मातीचा किल्ला उभारला. २८ जून १८६३ च्या रात्री दक्षिणेच्या टेक्सासी फौजेने त्यावर हल्ला केला. आत होते दोनेकशे लोक : आजारातून उठलेले सैनिक आणि त्यांच्या जोडीला मळ्यांतून पळून आलेले व स्वतंत्र कृष्णवर्णीय. त्यांनी हल्ला परतवला.

युद्धानंतर तीनच वर्षांत, १८६८ साली, या गावाने पिएर कॅलिस्त लँड्री यांना नगराध्यक्ष केले. अमेरिकेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष मानले जातात. त्यांचा जन्म १८४१ साली याच परगण्यात गुलाम म्हणून झाला. मालकाने त्यांना मुक्त करण्याची इच्छा व्यक्त केली होती आणि एका स्वतंत्र कृष्णवर्णीय दांपत्याने त्यांना वाढवले, शिकवले. मात्र मालकाच्या वारसांनी तो शब्द मोडून तेरा वर्षांच्या कॅलिस्तला लिलावात विकले. ते कॅथलिक म्हणून वाढले, पुढे मेथॉडिस्ट पंथात गेले आणि तेथे धर्मोपदेशक झाले. आमदार झाले, शाळा काढल्या, १९२१ मध्ये वारले. त्यांच्यासारख्या माणसाने कॅथलिक चर्च का सोडले असेल, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हरकत नाही. उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही : पुढे लुइझियानात कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठी वेगळे धर्मग्राम निघाले आणि डोनाल्डसनव्हिलमध्येही असेन्शन चर्चच्या जोडीला सिएनाच्या संत कॅथरिनचे चर्च उभे राहिले.

गावाची उतरती कळा लागली ती पाण्यामुळे. पुराच्या भीतीने १९०४ च्या सुमारास बायू लाफुर्शच्या तोंडावर बांध घातला गेला. होड्यांची वाहतूक संपली, खालच्या भागात पाणी खारे होऊ लागले. १९५५ पासून नदीचे पाणी पंपांनी पुन्हा फाट्यात सोडले जाते. ऊस अजूनही आहे. त्याच्या जोडीला नदीकाठी रसायनांचे कारखाने आले, आणि गावाजवळ नायट्रोजन खतांचा एक अवाढव्य कारखाना आहे.

आज पाहुण्याने येथे काय पाहावे? नदीच्या बांधावर चढून मिसिसिपीचे रुंद, गढूळ पात्र पाहावे. असेन्शन चर्च पाहावे. सध्याची विटांची भव्य इमारत १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. जर्मनीतून आलेल्या लेमन या ज्यू व्यापारी घराण्याचे १८७८ चे दुकान हे गावाच्या भरभराटीचे स्मारक आहे. चवीने पाहावे असे ठिकाण मात्र 'रिव्हर रोड आफ्रिकन अमेरिकन म्युझियम' हे होय. कॅथी हॅम्ब्रिक यांनी ते १९९४ साली स्थापन केले. वाड्यांच्या सहलींत झुंबरे आणि चांदीची भांडी दाखवतात, पण ज्यांनी ते वैभव उभे केले त्यांच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही, ही खंत त्यामागे होती. संग्रहालय प्रथम टेझकुको नावाच्या वाड्याच्या आवारात होते. २००२ मध्ये तो वाडा जळला आणि संग्रहालय डोनाल्डसनव्हिलला आले. त्याच्या वास्तूंत रोमव्हिल येथून हलवून आणलेली एक 'रोझनवाल्ड शाळा' आहे. ज्यूलियस रोझनवाल्ड या उद्योजकाच्या देणगीतून आणि कृष्णवर्णीय पालकांनी घातलेल्या वर्गणी-श्रमांतून दक्षिणेत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या होत्या.

वाडेही पाहावेत, पण डोळे उघडे ठेवून. नदीच्या पलीकडच्या तीरावरील 'हूमस हाऊस' जॉन बर्नसाइड या आयरिश वंशाच्या साखरसम्राटाचे. त्याची बाग खरोखर सुंदर आहे. खालच्या अंगाला वॉलेस येथे 'व्हिटनी' हा मळा डिसेंबर २०१४ पासून केवळ गुलामांच्या दृष्टीने इतिहास सांगण्यासाठी खुला झाला. तेथील दगडी भिंतींवर लुइझियानातील एक लाख सात हजार गुलामांची नावे कोरली आहेत. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी जुन्या दप्तरांतून ती गोळा केली. वरच्या अंगाला व्हाइट कॅसल येथे 'नॉटोवे' हा चौसष्ट खोल्यांचा वाडा होता. १८५९ चा हा वाडा दक्षिणेतील आपल्या काळचा सर्वांत मोठा उरलेला वाडा म्हणून प्रसिद्ध होता. तेथे लग्नसमारंभ होत. १५ मे २०२५ रोजी तो आगीत भस्मसात झाला. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी उघड आनंद मानला. वाड्याचे मालक जॉन रँडॉल्फ यांच्याकडे दीडशेहून अधिक गुलाम होते.

असेन्शनच्या जुन्या वह्या मात्र सहलीच्या मार्गावर नाहीत. त्या बॅटन रूजला धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात आहेत. आपला पूर्वज शोधणारा माणूस तेथे रीतसर अर्ज करतो. नाव, अंदाजे साल आणि मालकाचे आडनाव कळवतो आणि उत्तराची वाट पाहतो.